व्यायामशिक्षकाचें शिक्षण : नांदेड व लातूर



शाळेच्या वेळापत्रकांत गणिताच्या तासापुढें गणिताच्या मास्तरांचें नांव असतें, मराठीच्या तासापुढें मराठीच्या मास्तरांचें असतें; परंतु 'पी. टी.' अशीं दोन अक्षरें ज्या चौकटींत लिहिलेलीं असतात तींत पुष्कळदां कोणाचेंच नांव नसतें. ज्याचा तास रिकामा असेल त्यानें मुलें मैदानावर न्यावीं, आणि परीक्षा तोंडावर आली असेल तर गणितवाल्यानें तो तास मागून घ्यावा, अशी वहिवाट मीं माझ्या साऱ्या नोकरींत पाहिली. वास्तविक त्या चौकटींत बसावयाचा मनुष्य तयार करण्याकरितां आपल्या देशांत गेल्या शंभर वर्षांत समित्या बसल्या, महाविद्यालयें निघालीं, पदव्या निर्माण झाल्या. हें शिक्षण मराठवाड्याच्या एका टोंकास असलेल्या नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांपर्यंत कोणत्या वाटांनीं आलें, आणि येथें पोंचल्यावर त्याचें काय झालें, हें आज मला आपणांपुढें ठेवावयाचें आहे. मी स्वतः मॅट्रिकपर्यंत शिकलेला प्राथमिक शाळेचा मास्तर; विद्यापीठाच्या पदवीचा मला फारसा धाकहि नाहीं आणि तिच्याविषयीं आकसहि नाहीं.

महाविद्यालय ही वस्तु नवी असली तरी व्यायाम शिकविणारा मनुष्य आपल्याकडे फार जुना आहे. समर्थ रामदासांचें जन्मगांव जांब हें मराठवाड्यांतलेंच, आजच्या जालना जिल्ह्यांत मोडतें. मारुतीचें देऊळ आणि त्याच्या शेजारीं तालीम ही जोडी महाराष्ट्रांत त्यांच्या नांवाशीं निगडित झालेली आहे. नांदेडास गोदातीरीं १७०८ सालीं गुरु गोविंदसिंहांनीं देह ठेवला. तेथील हुजूर साहिबच्या परिसरांत गतका खेळण्याची विद्या शीख घराण्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या जतन केली, व दसऱ्याच्या आणि होळीच्या मिरवणुकींत ती आजहि दृष्टीस पडते. लोहा तालुक्यांतील माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंत, तसेंच लातूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेंत, कुस्त्यांचा फड पाहावयास आसपासचीं गांवें लोटतात. या फडांत उतरणारीं मुलें ज्याच्या हाताखालीं तयार होत तो वस्ताद. त्याला वेतन नसे. गांवच्या वर्गणींतून आणि शिष्यांच्या घरून त्याचा खुराक चाले. त्यानें शरीरशास्त्राचें पुस्तक पाहिलेलें नसे, पण कोणत्या पोराला किती जोर आणि किती बैठका झेपतील, कोणाचा खांदा कच्चा आहे आणि कोणाचा श्वास लवकर फुलतो, हें त्याला एकेकाच्या नांवानिशीं ठाऊक असे. शिक्षकाचें जें मुख्य लक्षण, म्हणजे शिष्यागणिक ओळख, तें त्याच्या ठायीं पुरेपूर होतें. एवढें मात्र खरें कीं तालीम आपखुषीची असते. ज्याला हौस आहे तोच तिची पायरी चढतो. दुबळें मूल, भित्रें मूल, आणि बहुतेक साऱ्या मुली तिच्या बाहेरच राहत.

शाळेंत शिरला तो दुसराच मनुष्य. १८८२ सालच्या शिक्षण आयोगानें शाळांतून देशी खेळ, कसरत आणि कवायत यांस उत्तेजन द्यावें अशी शिफारस केली, आणि मग ठिकठिकाणीं पलटणींतून निवृत्त झालेले हवालदार कवायत मास्तर म्हणून नेमले गेले. हे गृहस्थ सरळ रांग लावण्यांत वाकबगार असत. मुलांचें वय, त्यांची वाढ, त्यांचें मन यांच्याशीं त्यांना कर्तव्य नसे, व तें शिकावयाची संधीहि त्यांना कोणी दिलेली नव्हती. शाळेच्या शिक्षकवृंदांत त्यांची जागा चपराशाच्या वर आणि चित्रकलेच्या मास्तरांच्या खालीं. व्यायामशिक्षक हा खरोखर शिक्षक आहे, कीं नुसता हुकूम देणारा हुजऱ्या, हा प्रश्न तेव्हांपासूनचा आहे. पुढें निघालेलीं महाविद्यालयें हीं या एका प्रश्नाला दिलेलीं निरनिराळीं उत्तरें होत.

पहिलें उत्तर मद्रासहून आलें. हॅरी क्रो बक नांवाचे अमेरिकन गृहस्थ वाय. एम. सी. ए. च्या कामाकरितां हिंदुस्थानांत आले व त्यांनीं १९२० सालीं मद्रासेस व्यायामशिक्षक तयार करण्याची शाळा काढली. देशांतील या प्रकारची ती पहिली संस्था. १९२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिक सामन्यांस जो हिंदी संघ गेला त्याच्या तयारींत बक यांचा हात होता, आणि खेळांच्या नियमांचें त्यांनीं केलेलें इंग्रजी पुस्तक पुढें कित्येक वर्षें देशभरच्या पंचांच्या खिशांत असे. व्यायाम शिकविणाऱ्याला शरीररचना, आरोग्य, मानसशास्त्र आणि अध्यापनपद्धति यांचें ज्ञान हवें, हें बक यांनीं येथें रुजविलें.

आतां आपल्या मुलखाकडे वळूं. तेव्हां नांदेड हा निजामाच्या हैदराबाद संस्थानांतील एक जिल्हा होता, आणि लातूर तर उस्मानाबाद जिल्ह्यांतील एक गांव होतें. त्याचा स्वतंत्र जिल्हा व्हावयास १९८२ सालचा ऑगस्ट महिना उजाडावा लागला. संस्थानची राजधानी हैदराबाद. तेथें १९३१ सालीं सरकारी शारीरिक शिक्षण महाविद्यालय निघालें. मद्रासनंतर देशांतील अगदीं आरंभींच्या अशा संस्थांत त्याची गणना होते, आणि कलकत्त्याचें व लखनौचें महाविद्यालय त्याच्या पाठोपाठ १९३२ सालीं आलें. म्हणजे मराठवाड्यांतील मुलाला एका दृष्टीनें मुंबई इलाख्यांतील मुलाच्याहि आधीं आपल्या राज्यांत असें महाविद्यालय मिळालें. १९०० सालीं सुरू झालेली मनमाड-हैदराबाद रेल्वे नांदेडावरूनच जाते. गाडींत बसलें कीं हैदराबाद.

परंतु गाडी होती म्हणून वाट सोपी होती असें नाहीं. उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाल्यापासून संस्थानांत वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू झालेली. मराठींतून चार इयत्ता शिकलेल्या खेड्यांतील मुलाला हायस्कुलाचा उंबरठा ओलांडणेंच जड, तेथें महाविद्यालयाची गोष्ट कशाला? दुसरी अडचण त्याहून चमत्कारिक होती. संस्थानांत खासगी शाळा काढावयाची तर परवानगी, जाहीर सभा भरवावयाची तर 'गश्ती निशाण ५३' या हुकुमान्वयें परवानगी, आणि आखाडा काढावयाचा तरी परवानगी. एका हातानें सरकार व्यायामशिक्षकांचें महाविद्यालय चालवीत होतें, आणि दुसऱ्या हातानें तालमींवर नजर ठेवीत होतें. सरकारला शाळेंत सुदृढ मुलगा हवा होता, गांवांत संघटित तरुण नको होता. याबद्दल केवळ निजामास दोष देण्यांत अर्थ नाहीं. परकी इंग्रज सरकारचेंहि तालमींविषयींचें धोरण बंगालपासून महाराष्ट्रापर्यंत संशयाचेंच होतें. मात्र यामुळें मराठवाड्यांत घडलें असें, कीं शिकून आलेला व्यायामशिक्षक सरकारी शाळेचा झाला आणि वस्ताद गांवाचा राहिला; दोघांची गांठ पडली नाहीं.

ती गांठ जेथें पडली तें ठिकाण म्हणजे अमरावती. वऱ्हाडची कथा मौजेची आहे. कागदोपत्रीं वऱ्हाड निजामाचाच मुलूख. १८५३ च्या तहानें त्याचा कारभार इंग्रजांकडे गेला, १९०३ सालीं तो कायमच्या पट्ट्यानें त्यांच्याकडे राहिला, तरी मालकी निजामाचीच मानली जाई. इतकी, कीं १९३६ च्या करारानंतर निजामाच्या युवराजास 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली. पण हुकूम इंग्रजांचा असल्यामुळें नांदेडच्या शेजारच्या या निजामी मुलखांत निजामाचे निर्बंध लागू नव्हते. तेथें १९१४ सालीं वैद्य बंधूंनीं, म्हणजे अंबादासपंत व अनंतराव यांनीं, एक लहानसा आखाडा काढला. तोच पुढें श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ या नांवानें देशभर प्रसिद्धीस आला.

या मंडळाचें वैशिष्ट्य मला असें वाटतें कीं त्यानें वस्तादाला शिक्षक केलें आणि शिक्षकाला वस्तादाच्या मातींत उतरविलें. उन्हाळ्याच्या सुट्टींत मंडळ शिक्षणवर्ग भरवी. सुट्टीच निवडण्याचें कारण उघड आहे. शाळामास्तरांना तेव्हांच सवड असते, व नोकरी न सोडतां त्यांना हा अभ्यास करतां येतो. मलखांब, लाठी, लेझीम, कुस्ती, फरीगदगा यांच्याबरोबरच वर्गाला एकत्र कवायत कशी द्यावी, शंभर मुलें एकाच मैदानावर कशीं खेळवावीं, हें तेथें शिकवीत. जो उत्तीर्ण होई त्याला मंडळ 'व्यायाम विशारद' म्हणे. कोणत्याहि विद्यापीठाची मोहोर या पदवीवर नव्हती; तरी गांवोगांवच्या शाळांत तिचा मान होता, कारण ती धारण करणारा मनुष्य पहिल्याच दिवशीं मैदानावर उतरून काय तें दाखवूं शके. १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिक सामन्यांच्या वेळीं याच मंडळाचें पथक तिकडे गेलें व त्यानें आपले देशी खेळ जगापुढें मांडले. आपण पोरखेळ म्हणून ज्याला बाजूला सारीत होतों तो हुतुतू युरोपच्या प्रेक्षकांनीं पाहिला, तो असा.

येथें बडोद्याच्या प्रोफेसर माणिकरावांचेंहि स्मरण केलें पाहिजे. जुम्मादादांच्या आखाड्याचा वारसा त्यांनीं चालविला, आणि सांघिक व्यायामाला हिंदी आज्ञा दिल्या. 'अटेन्शन'च्या ऐवजीं 'सावधान' ऐकतांना आज कोणाला कांहीं नवल वाटत नाहीं; पण मुलाच्या शरीराला हुकूम कोणत्या भाषेंत द्यावा, हा एकेकाळीं मोठ्या अभिमानाचा प्रश्न होता. या माणिकरावांचे एक शिष्य जगन्नाथ गणेश गुणे. तेच पुढें स्वामी कुवलयानंद झाले आणि १९२४ सालीं त्यांनीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें. मुंबई सरकारनें १९२७ सालीं कन्हैयालाल मुनशी यांच्या अध्यक्षतेखालीं शारीरिक शिक्षणाची एक समिति नेमलेली होती. १९३७ सालीं बाळासाहेब खेरांचें मंत्रिमंडळ आल्यावर दुसरी समिति बसली ती स्वामी कुवलयानंदांची. तिच्या पाठोपाठ १९३८ सालीं कांदिवलीस सरकारी शारीरिक शिक्षण संस्था निघाली व पी. एम. जोसेफ हे तिचे प्राचार्य झाले. पदवीधर शिक्षकांनीं येथें येऊन पदविका घ्यावी, आणि परत जाऊन आपल्या शाळेंत तें काम उभें करावें, अशी योजना होती. तालमीच्या मातींतून निघालेला धागा तीस वर्षांत सरकारी संस्थेच्या दारापर्यंत आला तो असा.

लातूरला बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १९११ सालीं आली. ती बार्शीवरून कुर्डुवाडीस जाऊन मुंबईच्या मोठ्या रेल्वेस मिळे. त्यामुळें नांदेडचें तोंड जसें हैदराबादेकडे, तसें लातूरचें तोंड सोलापूर-मुंबईकडे राहिलें. धान्य आणि सरकी त्या वाटेनें जाई, वर्तमानपत्रें आणि विचार त्या वाटेनें येत. दोन शेजारी प्रदेशांच्या स्वभावांत जो थोडासा फरक आजहि जाणवतो, त्याला मी तरी या दोन रेल्वेमार्गांनाच जबाबदार धरतों.

१९४८ च्या सप्टेंबरांत संस्थान मुक्त झालें. १९५६ च्या नोव्हेंबरांत मराठवाडा मुंबई राज्यांत आला, आणि एका रात्रींत हैदराबादेचें महाविद्यालय परराज्यांतलें ठरून कांदिवली आपली झाली. गांवोगांव माध्यमिक शाळा निघूं लागल्या. प्रत्येक शाळेला मैदान हवें आणि मैदानाला मनुष्य हवा. पण शिकलेला मनुष्य मिळणार कोठून? अमरावतीच्या सुट्टींतील वर्गाला जाऊन आलेला एखादा मास्तर, किंवा पलटणींतून परतलेला एखादा जवान, यांच्यावरच पुष्कळ वर्षें भागविलें गेलें.

दिल्लीस मात्र या विषयाला बरे दिवस आले होते. १९४८ सालीं ताराचंद समितीनें मध्यवर्ती महाविद्यालयाची सूचना केली. १९५० सालीं 'शारीरिक शिक्षण व रिक्रिएशन' यांचें मध्यवर्ती सल्लागार मंडळ नेमण्यांत आलें, आणि १९५६ सालीं दोहोंची मिळून एक राष्ट्रीय योजना प्रसिद्ध झाली. या दुसऱ्या शब्दावर क्षणभर थांबावेंसें वाटतें. रिक्रिएशन म्हणजे थकलेल्या मनुष्याला पुन्हां ताजा करणें. आपण त्याचें भाषांतर कधीं 'मनोरंजन' केलें, कधीं 'करमणूक' केलें, आणि करमणूक म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें तमाशाचा तंबू नाहींतर सिनेमाचें तिकीट उभें राहतें. शेतावरून आलेला गडी, गिरणींतून सुटलेला मजूर, स्वयंपाकघरांतून बाहेर न पडलेली बाई, यांच्यासाठीं खेळ, सहल, गाणें यांची योजना करणारा जाणता मनुष्य असावा, ही कल्पना कागदावर आली. मद्रासच्या संस्थेंतील मंडळींना ती पहिल्यापासून परिचित होती. मराठवाड्यांत तिचा उदय झालाच नाहीं असें म्हटलें तरी चालेल. आमच्याकडे तें काम भजनी मंडळानें केलें, यात्रेनें केलें, गणपतीपुढच्या लेझमीनें केलें. त्यासाठीं शिकलेला मनुष्य लागतो, हें आम्हांला कोणीं पटवून दिलें नाहीं. महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमांत हा विषय शारीरिक शिक्षणाच्या शेपटीला बांधलेला राहिला.

१८५७ च्या शताब्दीनिमित्त १९५७ च्या ऑगस्टांत ग्वाल्हेरीस झांशीच्या राणीच्या नांवानें लक्ष्मीबाई महाविद्यालय सुरू झालें, आणि कांदिवलीचे जोसेफ तेथें पहिले प्राचार्य म्हणून गेले. येथें शारीरिक शिक्षणाचा तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आला. ही गोष्ट वाटते तितकी लहान नव्हे. तोंवर व्यायामशिक्षक म्हणजे आधीं दुसऱ्या विषयाचा पदवीधर व वर पदविका घेतलेला. आतां प्रथमच या विषयाला विद्यापीठाच्या पंक्तींत स्वतःचें पान मिळालें. त्याच सुमारास, १९५४ पासून, आझाद हिंद सेनेंतील सेनानी जनरल जगन्नाथराव भोंसले यांनीं राष्ट्रीय शिस्त योजना चालविली होती. १९६५ सालीं ती आणि तत्सम योजना एकत्र करून राष्ट्रीय सुदृढता दल केलें, व पुढें त्यांतील शिक्षक राज्यांकडे सोपविले. भोंसल्यांच्या निष्ठेबद्दल आदर ठेवूनहि म्हणावेंसें वाटतें कीं या योजनेनें पुन्हां एकदां शिस्त आणि शिक्षण यांची गल्लत केली, आणि लोकांच्या मनांतील कवायत मास्तरांची मूर्ति अधिकच घट्ट झाली.

मराठवाड्याला स्वतःचें विद्यापीठ १९५८ च्या ऑगस्टांत औरंगाबादेस मिळालें. अमरावतीच्या मंडळानें १९६७ सालीं पदवी महाविद्यालय काढलें. कालांतरानें नांदेड आणि लातूर येथेंहि बी. पी. एड्. व एम. पी. एड्. चीं महाविद्यालयें निघालीं, आणि ज्या शिक्षणाकरितां हैदराबाद, अमरावती किंवा मुंबई गांठावी लागे तें जिल्ह्याच्या गांवीं आलें. १९९४ सालीं, १७ सप्टेंबर या मराठवाडा मुक्तिदिनीं, नांदेडास स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें. विष्णुपुरीस त्याचें ठाणें व लातुरास उपकेंद्र. नांदेड, लातूर, परभणी आणि मागाहून झालेला हिंगोली, असे चार जिल्हे त्याच्या कक्षेंत आहेत. ज्यांचें नांव या विद्यापीठाला दिलें ते स्वामीजी राजकारणांत येण्यापूर्वीं हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापक होते, हें पुष्कळांच्या लक्षांत नसतें. शाळामास्तराच्या नांवाचें विद्यापीठ आमच्या वांट्यास आलें, याचें मला मास्तर या नात्यानें मोठें समाधान आहे.

या महाविद्यालयांत काय शिकवितात, तें थोडक्यांत सांगतों. कारण घरोघरच्या पालकांची अशी समजूत असते कीं ज्याला दुसरें कांहीं जमत नाहीं तो तिकडे जातो. बी. पी. एड्. ला येणारा विद्यार्थी आधींच पदवीधर असतो. प्रवेशाकरितां लेखी परीक्षेखेरीज मैदानी चाचणी द्यावी लागते. पूर्वीं हा अभ्यासक्रम एका वर्षाचा होता. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेनें २०१४ सालीं केलेल्या नियमांनीं तो दोन वर्षांचा झाला. शरीररचना व शरीरक्रिया, आरोग्यशिक्षण, योग, क्रीडामानसशास्त्र, हालचालींचें यंत्रशास्त्र, मोजमाप व मूल्यमापन, पंचगिरी आणि मार्गदर्शन, असे विषय. शिवाय रोज सकाळ-संध्याकाळ मैदान, आणि प्रत्यक्ष शाळेंत जाऊन पाठ घेणें. धावतांना मुलाचा गुडघा कां दुखतो, दम्याच्या मुलीला किती पळवावें, स्थूल मुलाला वर्गापुढें न लाजवितां खेळांत कसें ओढावें, हें ज्याला समजावयास हवें तो मनुष्य येथें घडविण्याचा हेतु आहे. वस्तादाची शिष्यागणिक ओळख आणि बक यांचें शास्त्र, दोन्ही एकाच्या ठायीं आणण्याचा हा खटाटोप. सर्वच महाविद्यालयांत तो सारखा साधतो असें नाहीं. कांहीं ठिकाणीं मैदान कागदावरच मोठें असतें.

पण मला जें आज बोलावयास प्रवृत्त करतें तें पुढेंच आहे. शिक्षक घडविण्याची सोय दाराशीं आली, आणि नेमक्या त्याच काळांत शाळेंतील त्याची जागा आकसूं लागली.

लातूर हें नांव आज महाराष्ट्रांत कशासाठीं घेतात? 'लातूर पॅटर्न'साठीं. मेहनत, सराव, चाचण्यांवर चाचण्या, आणि वैद्यकीय-अभियांत्रिकीचे प्रवेश. या पद्धतीनें एका दुष्काळी भागांतील सामान्य घरांतल्या मुलांना मोठीं दारें उघडून दिलीं, हें कोणीहि नाकारूं नये. परंतु दिवसाचे तास कोणत्याहि पॅटर्नमध्यें चोवीसच असतात. पहाटे शिकवणी, दिवसा महाविद्यालय, संध्याकाळीं पुन्हां चाचणी. यांत जो तास गेला तो मैदानाचा. दहावीच्या परीक्षेंत शारीरिक शिक्षणाला श्रेणी आहे, ती टक्क्यांत धरीत नाहींत. जें टक्क्यांत येत नाहीं तें घराच्या हिशेबांतहि येत नाहीं. याच्या उलट, जो खेळाडू राज्याच्या किंवा देशाच्या पातळीवर खेळतो त्याला परीक्षेंत २५ पर्यंत वाढीव गुण मिळण्याची सोय आहे. म्हणून खेळाचें प्रमाणपत्र हवेंसें वाटतें, खेळ हवासा वाटतोच असें नाहीं. शहरांतील सुशिक्षित आईबापांनीं माझ्यावर रागावूं नये. आपल्या मुलाची पाठ तीन विषयांच्या शिकवण्यांच्या दप्तरानें वांकलेली आपण रोज पाहतां, तिच्यासाठीं कोणी शिक्षक शाळेंत आहे कीं नाहीं, हें मात्र विचारीत नाहीं.

कायद्यानेंहि या जागेचें मोजमाप करून ठेवलें आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टांत प्रत्येक शाळेला क्रीडांगण असावें असें म्हटलें आहे, ही चांगली गोष्ट. त्याच परिशिष्टांत सहावी ते आठवीच्या वर्गांकरितां असें म्हटलें आहे, कीं मुलांची संख्या शंभराहून अधिक असेल तेथें कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण, आणि कार्यशिक्षण यांसाठीं अंशकालीन निदेशक असावेत. शब्द पाहा : 'अंशकालीन', आणि 'निदेशक'. गणिताला व भाषेला शिक्षक; शरीराला निदेशक, तोहि अर्ध्या वेळेचा, आणि शंभर मुलें असतील तरच. नांदेड-लातूरकडील लहान खेड्यांच्या शाळांत तितकीं मुलें कोठून आणावयाचीं? १८८२ नंतर पलटणींतून आलेल्या हवालदाराची जी जागा होती, तिच्याहून ही जागा फार वर आहे असें मला दिसत नाहीं. मध्यें दोन वर्षांची पदवी आली आहे, एवढाच फरक.

गुण या भागांत नाहींत, असेंहि कोणी म्हणूं नये. लातूर जिल्ह्याचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ सालीं महाराष्ट्र केसरी झाले व पुढल्याच वर्षीं एडिंबरोच्या राष्ट्रकुल सामन्यांत त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें. त्यांची कुस्ती मात्र घडली ती कोल्हापूरच्या गंगावेस तालमींत. उस्मानाबादेची सारिका काळे हिला खोखोकरितां २०२० सालीं अर्जुन पुरस्कार मिळाला. नांदेडची भाग्यश्री जाधव २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकांत भारताचा ध्वज घेऊन चालली. ही नामावळी अभिमानाची खरीच. पण व्यायामशिक्षकाचें काम या दोन-चार नांवांवरून मोजतां येत नाहीं. जें मूल कधींच पदक मिळविणार नाहीं, तालमीची पायरीहि चढणार नाहीं, त्याच्याकरितां तो शाळेंत हवा असतो. तालमीपेक्षां शाळेच्या तासाचें महत्त्व अधिक तें याचसाठीं.

मग या महाविद्यालयांतून पदवी घेऊन निघणारे तरुण जातात कोठें? कांहीं थोडे शाळांत लागतात. कित्येक खासगी शाळांतून तासिकेवर राबतात. कांहीं व्यायामशाळा काढतात. आणि पहाटे पांच वाजतां नांदेडच्या किंवा लातूरच्या कोणत्याहि मोकळ्या मैदानावर गेल्यास आपणांस दोन-तीनशें तरुण धावतांना दिसतील. हीं मुलें पोलिस भरतीचीं. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, मग १०० मीटर आणि गोळाफेक, अशी ती परीक्षा असते. त्यांच्यांत खेड्यांतून आलेलीं, शाळेंत कधीं मैदानाचा तास न मिळालेलीं मुलें पुष्कळ. धावावें कसें, श्वास कोठें घ्यावा, पाऊल कसें टाकावें, हें तीं एकोणिसाव्या-विसाव्या वर्षीं प्रथम शिकत असतात. कडेला शिटी आणि हातांत घड्याळ घेऊन जो उभा असतो तो बहुधा बी. पी. एड्. झालेला असतो. त्याला वेतन नाहीं. मुलें महिन्याची वर्गणी देतात, तिच्यावर त्याचें चालतें. कोणाचा खांदा कच्चा आहे आणि कोणाचा श्वास लवकर फुलतो, हें त्याला एकेकाच्या नांवानिशीं ठाऊक असतें.